नऊ साड्यांची जागा

अमरावतीला चार दिवस जाऊन काय केलंस, असं आमच्या सोसायटीतल्या तिघांनी मला विचारलं. "चुन्याच्या घरात राहिले," हे उत्तर खरं असूनही कुणाच्या गळी उतरलं नाही. म्हणून आता सविस्तर लिहिते.

मी पुण्यात आर्किटेक्चर शिकवते. लोकांनी आपली वस्ती आपण रचावी, मोजमापही आपणच करावं आणि माझ्यासारखीने फक्त रेघा ओढून द्याव्यात, हा माझा आवडता विषय. त्यावर मी कित्येक वर्षं बोलते आहे, बहुतेक वेळा पंख्याखाली. त्यामुळे अमरावतीच्या एका वस्तीतल्या बचत गटाच्या प्रमुख सुनंदाताई यांचा 'नकाशा काढून द्या' असा फोन आला, तेव्हा नाही म्हणायला तोंडच नव्हतं.

वस्ती नाल्याकाठची, बावीस घरांची. भाजी, फळं नि फुलं विकणारी माणसं. दर पावसाळ्यात नाला घरात यायचा. शेजारीच रस्त्यालगत एक लांबट मोकळा पट्टा होता आणि तो वस्तीला मिळायचं जवळजवळ ठरलं होतं. अट एकच. बावीसही घरांची सही किंवा अंगठा असलेला एकच नकाशा गुरुवारी सरकारी साहेब येतील तेव्हा तयार हवा. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या वस्तीला जाणार.

त्या पट्ट्याची मोजणी बायकांनी साडीने केली होती. याला कारण होतं. पूर्वी कुणीतरी टेप घेऊन घरं मोजायला आलं होतं, तेव्हा प्रत्येकीचं घर शेजारणीच्या घरापेक्षा कमी भरलं आणि महिनाभर वस्तीत कुणी कुणाशी बोललं नाही. तेव्हापासून टेपवर कुणाचा भरवसा नाही. साडीवर मात्र आहे, कारण गटाच्या हळदीकुंकवाला सगळ्यांना एकाच गठ्ठ्यातल्या जांभळ्या पाचवारी साड्या मिळाल्या होत्या. सगळ्या सारख्या, म्हणजे भांडणाचं कारण नाही. "लांबी नऊ साड्या भरली, म्याडम," सुनंदाताईंनी फोनवर कळवलं. एक साडी किती फूट, असं मी विचारलं, तर त्यांनी आपली साडी मोजून सांगितलं, अठरा. अठरा नव्वे एकशे बासष्ट.

मी पुण्यात बसून एकशे बासष्ट फुटांत नकाशा बसवला. रस्त्याकडे अकरा घरं, मागे दहा, मधे हातगाडी जाईल अशी गल्ली. एक घर उरलं. ते नाल्याकडच्या तिकोनी कोपऱ्यात ढकललं. तिथे कुणाला ठेवायचं म्हणून यादी पाहिली, तर कौसाबाई या नावापुढे 'एकटी' असं लिहिलेलं होतं. एकट्या बाईला लहान जागा पुरेल, असं ठरवायला मला अर्धा कप चहाही लागला नाही.

सोमवार, अमरावती

बडनेरा स्टेशनवर उतरले तेव्हा सुनंदाताई स्वतः घ्यायला आल्या होत्या. चाळिशीच्या, ठसठशीत, बोलणं रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असं. त्यांच्या एका हातात माझी बॅग आणि दुसऱ्या हातात मेथीच्या चार जुड्या होत्या. मेथी कशाला, तर रिकाम्या हाताने कशाला यायचं म्हणून.

पुण्यात पाहुण्याला आपण विचारतो, चहा घेणार का? त्या प्रश्नात उत्तराची सोय करून ठेवलेली असते. वऱ्हाडात प्रश्नच नसतो. मी "थोडंसंच" म्हणाले, तर ताटात गिला वडा, त्यावर दही, शेजारी दोन भाकरी आणि वाटीभर ठेचा आला. ठेचा मी चटणीसारखा घेतला. पुढची दहा मिनिटं मी वस्तीतल्या बायकांशी केवळ हातवाऱ्यांनी बोलले.

"म्याडम रडून राह्यल्या," कुणीतरी म्हणालं.

"रडत नाई, जेवून राह्यल्या," सुनंदाताई म्हणाल्या. "अजून एक वडा वाढ."

मग माझ्याजवळच्या लेझर मोजणीयंत्राचं प्रात्यक्षिक झालं. बटण दाबलं की लाल ठिपका समोरच्या भिंतीवर पडतो आणि अंतर कळतं. पुण्यात पडतो. अमरावतीच्या दुपारी एकच्या उन्हात तो ठिपका कुठे पडला, हे शोधायला अख्खी वस्ती त्या मोकळ्या पट्ट्यावर, म्हणजे त्यांच्या मैदानावर, पांगली आणि शेवटी बाबाराव मिस्त्रींनी, म्हणजे वस्तीतल्याच गवंडीबुवांनी, यंत्र आदराने माझ्या पर्समध्ये ठेवून दिलं. टेप लावून बघावी, असं मनात आलं होतं. पण लोकांच्या मोजमापावर विश्वास ठेवा, असं मीच वर्गात सांगते. शिवाय ऊन फार होतं.

संध्याकाळी मी नकाशा पसरला. सगळ्यांनी आपापली घरं शोधली, बोटं ठेवली, माना डोलावल्या. मागून एक बाई पुढे आली. सत्तरीला टेकलेली, नऊवारी लुगडं, एका गुडघ्यावर हात ठेवून चालणारी. हीच यादीतली कौसाबाई; सगळे तिला कौसामाय म्हणत होते.

"माहं कोनतं?"

मी कोपरा दाखवला. तिने बराच वेळ बघितलं.

"बाई, मले एक सांग. पाहाटी फुलाचा टेम्पो रस्त्यावर येते. दारात पोतं टाकते, मी दारात बसून हार करतो. आता थो टेम्पो नाल्यात येईन का?"

मी म्हणाले, गल्लीतून जेमतेम दीडशे पावलं पडतील.

"फुलाचं पोतं घेऊन चाल बरं दीडशे पावलं. ह्या गुडघ्यानं." ती आवाज न चढवता म्हणाली. "मी अंगठा देत नाई."

मला वाटलं, आता बाकीचे तिच्यावर तुटून पडतील. एकवीस घरांचं भलं अडलं होतं. पण सगळे नकाशावरची बोटं उचलून आपापल्या घरी गेले. नंतर सुनंदाताईंनी मला वस्तीचा नियम सांगितला. सगळ्यांचा अंगठा नाही, तर कुणाचाच नाही. हे सगळ्यांनी देवळापुढे कबूल केलेलं. म्हणजे गुरुवारपर्यंत कौसामायचं समाधान झालं नाही, तर बावीसही घरं पुन्हा नाल्यात.

"तुमी काही तरी करा न, म्याडम," त्या म्हणाल्या. मी रात्रभर तिकोनी कोपरा इकडचा तिकडे करून पाहिला. तो कुठेही नेला तरी तिकोनीच राहिला.

मंगळवार, अकोला

सुनंदाताईंच्या माहितीत अकोल्याला एक वस्ती होती, जिने आपली घरं आपणच रचून बांधली होती. तिथे जाऊन बघू, काही युक्ती सापडेल, असं ठरलं आणि एका काळीपिवळी जीपमध्ये आम्ही नऊ जण बसलो. गुडघ्यामुळे कौसामायला पुढची सीट. मला मागे, कोथिंबिरीच्या दोन पाट्यांच्या मधे.

मूर्तिजापूरला चहाला थांबलो. आम्ही चहा फुंकून पिईपर्यंत कौसामायने बसथांब्यावर सोबत आणलेले सगळे गजरे विकून टाकले. एक माझ्यासाठी ठेवला होता. माझे केस कानापर्यंत कापलेले. तिने उजवीकडून, डावीकडून, मागून प्रयत्न केला आणि शेवटी गजरा माझ्या पर्सच्या पट्ट्याला बांधला. "हिले तरी केस हायेत," असं ती पर्सकडे बघून म्हणाली. दिवसभर माझी पर्स मोगऱ्याने घमघमत होती आणि मी भाजीने.

अकोल्याचं ऊन अमरावतीहून मोठं आहे, असं अकोल्याची माणसं अभिमानाने सांगतात. वस्ती मात्र देखणी होती. निळी, पोपटी, गुलाबी घरं, दारात ओटे, ओट्यावर वाळवणं. कुठल्याही घरात आर्किटेक्टने दिलेली स्वयंपाकघराची खिडकी उघडी नव्हती. सगळीकडे तिच्यात फळ्या ठोकून डबे मांडलेले. मी मनातल्या मनात माझ्या नकाशातल्या बावीस खिडक्या मोजल्या.

शेषरावभाऊ नावाच्या गृहस्थांनी आम्हाला आपलं घर दाखवलं. दाराला जाड हिरवा पडदा. समोर आठ फुटांवर दुसरं दार, त्याला त्याहून जाड लाल पडदा.

"समोर माहा साडू राह्यते," ते म्हणाले. "सात वर्षं झाले, आमी बोलत नाई. कागदावर पाह्यलं तवा दोन दाराच्या मधात चांगलं बोटभर अंतर होतं! मी म्हटलं, बोटभर म्हंजे लय झालं. आता रोज सकाळी मी दात घासतो, थो दात घासते. तोंड कुठी करू सांगा?"

लाल पडदा हलला. आतून कुणीतरी खाकरलं.

"आयका माहं," शेषरावभाऊ आवाज खाली आणत म्हणाले. "कागदावर घर नोका पाहू. चुन्यात पाहा. जमिनीवर खऱ्या मापाचं घर आखा, त्याच्यात बसा, उठा, भांडा. मंग विटा आना."

कौसामाय तोवर मागच्या रांगेत गेली होती. तिथे शेवटच्या घरात तिच्याच वयाची एक बाई एकटी बसलेली. मी जवळ पोचले तेव्हा कौसामाय विचारत होती, "दिवसातून किती जन येते तुह्याकडे?"

"मानूस म्हनशीन त कोनी नाई," ती बाई म्हणाली. "एक कुत्रं येते. दुपारी."

परतीच्या वाटेवर गाडीत सगळ्या शेषरावभाऊंच्या साडूवर हसत होत्या. कौसामाय काचेतून बाहेर बघत होती. मला माझी लाज वाटली. अर्ध्या कप चहात मी तिला त्या कुत्र्याच्या वाटेवर नेऊन ठेवलं होतं, आणि तिला पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

बुधवार, चुना

सकाळी सातला बाबाराव मिस्त्री चुन्याची पोती, सुतळी आणि माझा नकाशा घेऊन मैदानावर हजर. आता खऱ्या मापाची घरं आखायची, म्हणून टेपला एक दिवसापुरती माफी मिळाली. पट्ट्याच्या एका टोकाला असलेल्या नळापासून सुरुवात केली आणि दहापर्यंत पांढऱ्या रेघांची चार-पाच घरं उभी, म्हणजे आडवी, झाली.

मग लोक राहायला आले. खरंच राहायला. एकीने चुन्याच्या स्वयंपाकघरात तांदूळ निवडायला घेतले. एका आजोबांनी आपल्या खोलीत खाट आणून टाकली आणि ते झोपले. मी एका घरातून दुसऱ्या घरात सरळ चालत गेले, तर आजोबांनी डोळे न उघडता विचारलं, "बाई, भिंतीतून कावून येऊन राह्यल्या? दार नाई का?"

मी माफी मागून बाहेर गेले आणि दारातून आत आले.

दुपारपर्यंत तीन न्हाण्या हलल्या होत्या. दोन शेजारणींचं नसलेल्या भिंतीवरून खरं भांडण झालं होतं. एकीचं म्हणणं, हिच्या फोडणीचा धूर माझ्या घरात येतो. फोडणी अजून दोन वर्षं लांब होती. नकाशातल्या बावीस खिडक्यांपैकी एकोणीस रद्द झाल्या. इतकं मनापासून कुणी माझ्या नकाशाची वाट लावली नव्हती, आणि मला फार मजा येत होती.

चारच्या सुमाराला बाबारावांनी रस्त्याकडच्या रांगेतलं अकरावं घर आखलं, पाठ सरळ केली आणि पुढे बघत उभे राहिले.

"म्याडम, जागा संपत नाई न."

खरंच. अकराव्या घरानंतर हद्दीच्या दगडापर्यंत मोकळी जमीन होती. टेप लावली. तेवीस फूट.

जागा उरली म्हटल्यावर माणसं आनंदतील, असं मला वाटलं. वस्तीत हाहाकार झाला. जागा उरली, याचा अर्थ घरं लहान झाली! प्रत्येक जण आपलं घर पावलांनी मोजायला धावला. आजोबा खाटेवरून उठून खाट मोजू लागले. कुणी म्हणालं टेप खोटी, कुणी म्हणालं मिस्त्री खोटा, आणि जरा मागून कुणीतरी माझंही नाव घेतलं.

त्या गोंधळात कौसामाय शांतपणे विचारत होती. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा लोकांनी ऐकलं.

"जमीन मोजली, थे कोनाच्या साडीनं?"

"तुह्याच त," सुनंदाताई म्हणाल्या. "तुही कोरी होती न, पेटीतली. घडी मोडली नोती म्हनून तुहीच आनली."

"आन म्याडमले माप सांगतलं थे?"

"माह्या साडीचं. सगळ्या एकसारख्याच हायेत न."

"तुह्या साडीचा खन कापला का नाई?"

सुनंदाताईंनी खाली बघितलं. त्यांच्या अंगात जांभळं ब्लाउज होतं. साडीच्या टोकाला असतो त्या खणाचं, म्हणजे ब्लाउजपीसचं. त्यांचा कधीच कापून शिवून झाला होता. कौसामाय लुगडं नेसते, पाचवारी तिला काय कामाची? तिची साडी मिळाली तशी पेटीत पडून होती, ब्लाउजपीससकट. दोन्ही साड्या मैदानावर शेजारी शेजारी अंथरल्या. कौसामायची अडीच फुटांहून थोडी जास्तच पुढे गेली. नऊ वेळा ते जास्तीचं माप मोजलं गेलं होतं आणि मी पुण्यात बसून नऊही वेळा ते वजा केलं होतं. बावीस घरांतल्या एकाही बाईच्या तोवर ध्यानात आलं नाही, आणि दोन पदव्या असलेल्या माझ्या तर नाहीच.

आता आनंद झाला. तेवीस फूट! कुणाला तिथे नवं देऊळ हवं होतं, कुणाला लग्नासाठी मांडवाची जागा, कुणाला गाड्या लावायला शेड, कुणाला व्यायामशाळा. सगळे एकदम बोलत होते. मीही वही काढून लिहून घेत होते, मोठ्या उत्साहाने. व्यायामशाळेच्या पायऱ्या कुठून, यावर माझं मत मांडत असताना मी मान वर केली. कौसामायने आपली साडी झटकून घडी घातली होती आणि ती नाल्याकडे, आपल्या घराकडे निघाली होती.

मी बोलायची थांबले. मग सुनंदाताई थांबल्या. हळूहळू सगळेच.

गुरुवार

सकाळी साडेआठला मी चुन्याचं घमेलं घेऊन कौसामायच्या दारात गेले. ती हार करत होती. दोरा दाताने तोडून तिने माझ्याकडे पाहिलं.

"कौसामाय, चूक माझी आहे," मी म्हणाले. "साडीची नाही. तुम्हाला मागे ठेवलं ती. तुम्हाला न विचारता ठेवलं."

तिने हार परडीत ठेवला. "मंग आता इचार."

एवढंच. मला आयुष्यात कुणी इतकं साधं काम सांगितलेलं नव्हतं. मी विचारलं, "घर कुठे पाहिजे?"

ती उठली. मैदानावर सगळी वस्ती आधीच जमलेली होती, देऊळवाले, शेडवाले, सगळे, आणि तेवीस फुटांच्या कडेला उभे होते. आत कुणीही पाऊल टाकलं नव्हतं. कौसामाय मधे जाऊन उभी राहिली, रस्त्याकडे तोंड करून. टेम्पो कुठे थांबतो ते तिने दाखवलं, पोतं कुठे पडतं ते दाखवलं. दार तिथे. चूल इथे, दारातून जाणारा दिसला पाहिजे. न्हाणी मागं. खिडकी? "एक ठेव. तुह्या समाधानासाठी." घराला चौदा फूट पुरले. उरलेल्या नऊ फुटांत तिने लांब ओटा मागितला, सगळ्या फुलवाल्यांना बसता येईल असा. मी रेघा ओढत होते. नकाशावर नाही, जमिनीवर, गुडघ्यांवर बसून, पांढऱ्या हातांनी.

साहेब अकराला आले. गाडीतून उतरून त्यांनी विचारलं, नकाशा कुठे आहे, सह्या झाल्या का?

"थांबा साहेब," सुनंदाताई म्हणाल्या. "कौसामायचं घर होऊन राह्यलं."

साहेबांनी घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं. पन्नाशीची एक बाई जमिनीवर चुना ओतत होती आणि सत्तरीची एक बाई तिला ओरडत होती, की उंबरा वाकडा झाला. ते उन्हातच उभे राहिले. उंबरा मी पुसून पुन्हा आखला.

मग नकाशाचा कागद आला. त्यात मी बाविसावं घर पेन्सिलीने नव्या जागी काढलं आणि तिकोनी कोपऱ्यावर काट मारली. एकेक करून एकवीस सह्या आणि अंगठे झाले. शाईचं पॅड कौसामायपुढे धरलं, तर तिने हात मागे घेतला.

"अंगठा देतो न," ती म्हणाली. "पयले साहेबाले घर पाहू द्या."

साहेब दोन पावलं पुढे आले. मग खाली पाहून थबकले. त्यांनी चुन्याच्या उंबऱ्याशी बूट काढले, मोज्यांनिशी आत गेले आणि हात मागे बांधून, छताकडे बघावं तसं वर बघत, उभे राहिले.

"बसा," कौसामाय म्हणाली, आणि अंगठ्यासाठी हात पुढे केला.